कोटाची उंची कशी काढायची? 'गांधी' चित्रपटातल्या पोशाखावरून मापनाचा एक पाठ



गॅदरिंग जवळ आलं की आपल्या प्रत्येकाकडे एकच प्रश्न येतो, "मॅडम, ड्रेस कुठून आणायचा?" शहरात भाड्याने मिळतो. आमच्या हिंगोली जिल्ह्यातल्या आडगावच्या शाळेत मात्र ड्रेस शिवून घ्यावा लागतो, नाहीतर घरातलंच काहीतरी जुळवावं लागतं. मागे २६ जानेवारीच्या कार्यक्रमासाठी आम्ही एक कोट शिवून घेतला. तो आधी पूर्ण चुकला, मग दुरुस्त झाला. चूक माझी होती. त्या चुकीतून पाचवीच्या वर्गाला मापन आणि गुणोत्तराचा जो पाठ मिळाला, तो इथे सविस्तर देत आहे. ज्यांना कोट शिवायचाच आहे त्यांनाही उपयोग होईल.

प्रसंग काय होता?

आमच्या नाटिकेचे दोन भाग होते. पहिल्या भागात दक्षिण आफ्रिकेतले तरुण बॅरिस्टर गांधी, दुसऱ्या भागात पंचा नेसलेले गांधीजी. पहिल्या दर्जाचं तिकीट हातात असताना केवळ कातडीच्या रंगामुळे त्यांना पीटरमॅरित्झबर्ग स्टेशनवर गाडीतून खाली उतरवलं, ती ७ जून १८९३ ची रात्र. वर्गात मी रिचर्ड ॲटनबरो यांच्या 'गांधी' चित्रपटातला तेवढाच भाग दाखवला होता. लेकरांनी तो डोळे मोठे करून पाहिला आणि मागणी आली, "आपला कोट पण असाच पाहिजे. डिट्टो."

गांधीजींची भूमिका ज्याला दिली, तो पाचवीतला मुलगा शांत स्वभावाचा. आई मजुरीला जाते. तिने आठवडी बाजारातून कोटाचं कापड आणलं आणि मला म्हणाली, "मॅडम, वाढत्या अंगाचा शिवा बरं. दोन-तीन वर्षं तरी लेकराला झाला पाहिजे. मामाच्या लग्नात बी घालता येईल."

मला ते पटलं. टेलरमामांनी विचारलं होतं, "लेकराला घेऊन येता का?" मी म्हणाले, "कशाला, पाचवीतला आहे, साधारण अंगाचा. जरा मोठाच ठेवा." टेलरमामांनी अंदाजाने २७ इंच उंचीचा कोट शिवला.

पहिल्या तालमीला तो कोट घालून मुलगा उभा राहिला. कोट गुडघ्याच्या चार बोटं वर येऊन टेकला होता. हात पंजापर्यंत बाहीत गेले होते. मागून कोणीतरी म्हणालं, "बँडवाला आला!" आणि अख्खा वर्ग हसला. मुलगा काही बोलला नाही. मधल्या सुट्टीत माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "मॅडम, मला हे काम नको. दुसऱ्याला द्या."

मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. ज्या प्रसंगात एका माणसाला त्याच्या दिसण्यावरून अपमानित केलं, तो प्रसंग आम्ही बसवत होतो आणि तालमीत तेच करत होतो. हसणाऱ्या लेकरांना मी त्या दिवशी रागावले नाही. कोट तसा का झाला, हे त्यांना माहीत नव्हतं. ते मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी मी वर्गात टेप घेऊन गेले आणि सांगितलं, "कोट चुकला, कारण मी माप न घेता सांगितलं. आता आपण सगळे मिळून बरोबर माप काढू."

चित्रपटातला पोशाख म्हणजे काय?

आधी थोडी माहिती, कारण लेकरांना ती सांगितल्यावर त्यांचा रस वाढला. 'गांधी' हा चित्रपट १९८२ चा. त्यातल्या वेशभूषेसाठी १९८३ मध्ये जॉन मोलो यांच्यासोबत ऑस्कर मिळालं ते भानू अथैया यांना. त्या मूळच्या कोल्हापूरच्या, जन्म १९२९, माहेरचं आडनाव राजोपाध्ये. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकल्या आणि १९५६ च्या 'सी.आय.डी.'पासून चित्रपटांची वेशभूषा करू लागल्या. 'लेकिन' आणि 'लगान'साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाले. "कपडे शिवण्याला पण ऑस्कर असतं?" हा प्रश्न आमच्या वर्गात तीन वेळा विचारला गेला!

या चित्रपटात कपडे गोष्ट सांगतात. सुरुवातीला सूट-टायमधला बॅरिस्टर, मग साधे भारतीय कपडे, आणि शेवटी पंचा. खऱ्या आयुष्यातही तसंच झालं. १८९३ मध्ये डर्बनच्या कोर्टात गांधीजी फ्रॉक कोट आणि पगडी घालून गेले होते. १९१५ मध्ये भारतात परतले ते काठियावाडी वेशात. आणि सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराईला त्यांनी पंचा स्वीकारला.

इथे एक मुद्दा लक्षात घ्या. फ्रॉक कोट गुडघ्यापर्यंत येतो, सुटाचा कोट बसण्याची जागा झाकेल इतपतच असतो आणि वेस्टकोट कमरेपाशी संपतो. कापड तेच, रंग तोच, पण उंची बदलली की कपड्याचं नावच बदलतं. आमचा २७ इंची कोट त्या मुलाच्या अंगावर ना सुटाचा कोट होता, ना फ्रॉक कोट. म्हणूनच तो बँडवाल्याचा दिसला. रंग थोडा वेगळा असला तर प्रेक्षक चालवून घेतात. उंची चुकली तर लगेच कळतं.

पायरी १ : योग्य चित्र निवडा

मोबाईलवर चित्रपट थांबवून चित्र निवडताना पुढील गोष्टी पाहा.

१. माणूस सरळ उभा असावा. बसलेला, वाकलेला किंवा पळणारा नको. बसल्यावर कोट वर सरकतो.
२. डोक्यापासून बुटापर्यंत पूर्ण दिसावा. पाय दिसत नसतील तर ते चित्र मापाला उपयोगाचं नाही.
३. कॅमेरा साधारण कमरेच्या उंचीवर असावा. खालून घेतलेल्या चित्रात पाय लांब आणि कोट आखूड वाटतो. वरून घेतलेल्या चित्रात उलट.
४. एकाच चित्रावर विसंबू नका. किमान तीन चित्रं घ्या.

पायरी २ : चित्रात दोन मापं घ्या

चित्रातला कोट किती इंचाचा, हे चित्रावरून कळत नाही. मोबाईलवर माणूस १२ सेंटीमीटरचा दिसतो, टीव्हीवर ६० चा. पण एक गोष्ट चित्र लहान-मोठं केलं तरी बदलत नाही, ती म्हणजे गुणोत्तर. माणसाच्या मानेपासून जमिनीपर्यंतच्या अंतराचा कितवा भाग कोटाने झाकला आहे, तेवढंच आपल्याला शोधायचं आहे.

पट्टीने दोन अंतरं मोजा.

अ) मानेच्या मागे कॉलर जिथे जोडलेली असते तिथपासून जमिनीपर्यंत. समोरून काढलेलं चित्र असेल तर कॉलरच्या वरच्या कडेचा अंदाज घ्या.
ब) त्याच जागेपासून कोटाच्या खालच्या काठापर्यंत.

मग ब ला अ ने भागा. आमच्या लेकरांनी तीन चित्रांवर केलेलं काम असं होतं. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून थोडे गोल केले आहेत.

पहिलं चित्र : अ १२ सेमी, ब ६.२ सेमी. भागाकार ०.५२
दुसरं चित्र : अ १० सेमी, ब ५ सेमी. भागाकार ०.५०
तिसरं चित्र : अ १४ सेमी, ब ७.१ सेमी. भागाकार ०.५१

तिघांची सरासरी ०.५१. म्हणजे कोट मानेपासून जमिनीपर्यंतच्या अंतराच्या निम्म्याहून थोडासा जास्त. एका मुलीने विचारलं, "मॅडम, चित्रं वेगळी, माणूस लहान-मोठा दिसतो, तरी उत्तर सारखंच कसं?" मला वाटतं, गुणोत्तर हा घटक त्या प्रश्नातच समजला. पाठ्यपुस्तकातली दहा उदाहरणं सोडवून तो प्रश्न आला नसता.

पायरी ३ : मुलाचं माप घ्या

इथे माझी खरी चूक झाली होती. वय सांगून माप होत नाही. एकाच वर्गात दहा वर्षांच्या मुलांत चार-पाच इंचांचा फरक सहज असतो.

माप घेताना हे सांभाळा.

१. मुलाला सरळ उभं करा, नजर समोर. मान खाली घातली की माप वाढतं.
२. मान किंचित पुढे झुकवली की मागे एक हाड टोचून वर येतं. तिथे खडूने किंवा चिकटपट्टीने खूण करा, मग मान सरळ करून घ्या. टेपची सुरुवात तिथून.
३. रंगमंचावर जे बूट घालणार तेच घालून माप घ्या. चित्रातल्या माणसानेही बूट घातलेले आहेत आणि आपण जमिनीपासून मोजलं आहे.
४. आत शर्ट आणि वेस्टकोट असणार असेल तर तो घालूनच माप घ्या. विशेषतः छातीचं.
५. लेकरू लाजत असेल तर एकट्याचं माप चारचौघांत घेऊ नका. आम्ही वर्गातल्या सगळ्यांचं माप जोडीजोडीने घेतलं, माझंसुद्धा. त्यामुळे तो मुलगा वेगळा पडला नाही.

त्याची उंची १३२ सेमी होती. मानेपासून जमिनीपर्यंत, बुटासह, ११२ सेमी. आता हिशोब सोपा आहे.

११२ × ०.५१ = ५७.१२, म्हणजे साधारण ५७ सेमी.

टेलर इंचात काम करतात. १ इंच म्हणजे २.५४ सेमी. ५७ ला २.५४ ने भागलं की २२.४. म्हणून साडेबावीस इंच. आणि आम्ही शिवला होता सत्तावीस इंच. फळ्यावर दोन्ही आकडे लिहिल्यावर वर्ग एकदम गप्प झाला. साडेचार इंच! मग एकाने हळूच विचारलं, "म्हणजे त्याची चूक नव्हती का?" मी म्हणाले, "नव्हती. माझी होती."

पायरी ४ : ताळा करून पाहा

गणितात उत्तर आलं की ताळा करतो, तसं इथेही करायचं. टेलर लोकांकडे त्यासाठी जुने साधे नियम आहेत.

पहिला नियम, सुटाच्या कोटाची उंची म्हणजे मानेच्या हाडापासून जमिनीपर्यंतच्या अंतराच्या निम्मी. आमच्या मुलासाठी ११२ चे निम्मे ५६ सेमी, म्हणजे २२ इंच. आमचं उत्तर साडेबावीस. जवळपास आलं, म्हणजे मोजण्यात मोठी गडबड नाही.

दुसरा नियम, हात सैल सोडले की कोटाचा काठ अंगठ्याच्या वरच्या पेराच्या आसपास यावा. पण हा नियम एकट्याने वापरू नका, कारण कोणाचे हात लांब असतात, कोणाचे आखूड.

तिसरा नियम, मागून पाहिलं तर बसण्याची जागा पूर्ण झाकलेली असावी.

मोठ्या माणसाचा तयार कोट बघून तो 'लहान करा' असं टेलरला सांगू नका. लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं असतं, पायांची लांबी वेगळी असते. मोठ्याच्या कोटाची प्रत्येक बाजू सारखीच कमी केली तर खांदा, बाही, छाती कुठेतरी चुकतेच.

पायरी ५ : कापडाला कात्री लावण्याआधी

ही यादी टेलरमामांनी स्वतः वर्गात येऊन सांगितली. लेकरांनी ती वहीत उतरवून घेतली.

१. कापड सुती असेल तर आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्या. नंतर धुतल्यावर ते आटतं आणि कोट आखूड होतो.
२. टेलरला सांगताना 'तयार उंची साडेबावीस' असं सांगा. शिलाईचं मार्जिन आणि खालची दुमड त्यात धरायची नसते, ती वेगळी वाढवायची असते.
३. उंची मानेमागून मोजली की खांद्यावरून, हे स्पष्ट बोला. समोरून खांद्याच्या कडेपासून मोजलं तर आकडा थोडा मोठा येतो. दोघांनी वेगळ्या जागा धरल्या तर तेवढाच घोळ होतो.
४. आधी जुन्या चादरीचा किंवा मांजरपाटाचा कच्चा कोट टाचून अंगावर घालून बघा. खालचा काठ फक्त टाचण्यांनी दुमडा. मुलाला दहा पावलं चालायला लावा, हात वर करायला लावा, मग काठ पक्का करा. खर्च जवळपास नाही आणि चूक इथेच पकडली जाते.
५. खिसे आणि बटणं उंची ठरल्यानंतरच. आधी खिसे लावले आणि मग खालून कापलं, तर खिसे काठाला जाऊन बसतात.

चुकलेला कोट कसा दुरुस्त केला?

आता आईचं म्हणणं राहिलं. तिला दोन-तीन वर्षं चालणारा कोट हवा होता आणि तिची मागणी चुकीची नव्हती. आपल्याकडे शाळेचा गणवेशसुद्धा वाढत्या अंगाचाच शिवतात. ज्या घरात कापड घेताना दोनदा विचार करावा लागतो, तिथे हे शहाणपणच आहे. मी मात्र तो मोठेपणा बाहेर दिसू दिला. तो आत ठेवायला हवा होता.

टेलरमामांनी तेच केलं. कोट उसवला. साडेबावीस इंचांवर खडूची रेघ मारली. खालचं साडेचार इंच कापड सगळं कापलं नाही. अडीच इंच आत दुमडून हाताने टाके घातले, फक्त दोन इंच कापलं. बाह्यांनाही तसंच आत वळवलं. खिसे वरून लावलेले होते, ते उसवून वर सरकवले. पुढचे कोपरे मूळचे सरळच होते, ते तसेच ठेवले, कारण गोल कोपऱ्यात एवढी जाड दुमड नीट बसत नाही. पहिल्या रांगेतूनसुद्धा तो फरक कोणाच्या लक्षात आला नाही.

दुमड उलगडली की कोट पंचवीस इंचांचा होतो. पुन्हा मी वर्गाला विचारलं, "हा कोट पूर्ण उलगडून त्याला बरोबर कधी होईल?" लेकरांनी उलटा हिशोब केला. २५ इंच म्हणजे ६३.५ सेमी, भागिले ०.५१, उत्तर साधारण १२४.५ सेमी. म्हणजे मानेपासून जमिनीपर्यंतचं अंतर आजच्यापेक्षा साडेबारा सेंटीमीटर वाढेपर्यंत उंचीची काळजी नाही. हा आकडा आईला सांगितला तेव्हा ती टेपकडे बघून हसली आणि म्हणाली, "मग लग्न होतंय त्याच्या मामाचं तवर." खांदा आणि छाती तोवर घट्ट होऊ शकते, हेही तिला सांगून ठेवलं.

वर्गात घेण्यासाठी कृती

१. जोडीने एकमेकांचं मानेपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा. सेंटीमीटर आणि इंच दोन्हीत लिहा.
२. आपापल्या कोटाची उंची ०.५१ ने काढा. अंतर १०१ सेमी असेल तर ५१.५ सेमी, १२३ सेमी असेल तर ६२.७ सेमी. मग निम्म्याच्या नियमाशी ताडून बघा.
३. घरात कोट, जॅकेट, सदरा, परकर जे असेल त्याची उंची मोजून ते अंगाच्या कितव्या भागापर्यंत येतं ते लिहा.
४. पुस्तकातल्या एखाद्या थोर व्यक्तीच्या पूर्ण उंचीच्या चित्रावर हेच मोजमाप करा. फेटा, उपरणं, अंगरखा, कशाचीही उंची काढता येते.
५. गावातल्या शिंप्याची मुलाखत घ्या. टेप नव्हता तेव्हा माप कसं घेत? वीत, हात आणि गज या शब्दांचा अर्थ विचारा.

शेवटची कृती आमच्या भागात तर आवर्जून घ्या. संत नामदेवांचं जन्मगाव म्हणून ओळखलं जाणारं नरसी नामदेव आपल्याच हिंगोली जिल्ह्यात आहे. त्यांचं घराणं शिंप्याचं. गुरु ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत आणि त्यांच्या रचनांत गज, कात्री, सुई-दोरा ही कामाची साधनंही येतात. माप घेणं आणि कापणं हे काम आपल्या मातीत किती आदराचं आहे, हे लेकरांना कळायला पाहिजे. टेलरमामा वर्गात आले तेव्हा लेकरांनी त्यांना खुर्ची दिली आणि 'सर' म्हणून हाक मारली, हे मला फार आवडलं.

मूल्यमापन

लेखी चाचणी घेतली नाही. प्रत्येकाला एक चित्र आणि एक टेप दिला आणि मित्राच्या कोटाची उंची काढायला सांगितली. बहुतेकांना जमलं. ज्यांना भागाकारात अडचण आली, त्यांनी दोऱ्याने केलं. चित्रातल्या माणसाच्या मानेपासून जमिनीपर्यंतच्या अंतराएवढा दोरा घेऊन निम्मा दुमडला आणि कोटाचा काठ त्याच्या आसपास येतो का ते पाहिलं. तेही बरोबरच आहे. दशांश अपूर्णांक नंतर शिकवता येतात, समज आधी यायला हवी.

शेवटी

२६ जानेवारीला नाटिका झाली. गार्डने तिकीट बघितलं, सामान खाली फेकलं, आणि आमचा गांधी थंडीत स्टेशनच्या बाकावर कोट आवळून बसला. मैदानात कोणीही हसलं नाही. कोट छान झाला असंही कोणी म्हणालं नाही, कारण कोटाकडे कोणाचं लक्षच गेलं नाही, सगळे त्या मुलाकडे बघत होते. तालमीत 'बँडवाला' म्हणणारा मुलगाच गार्ड झाला होता. पडद्यामागे आल्यावर त्याने फेकलेलं गाठोडं स्वतः उचललं, झटकलं आणि याच्या हातात दिलं.

पालकांना एक विनंती. गॅदरिंगच्या कपड्यासाठी टेलरकडे जाताना लेकराला सोबत न्या. आणि शिक्षक मित्रांनो, आपणही वय सांगून माप देऊ नका. पाच मिनिटं लागतात. टेप नसेल तर दोरा घ्या.

आपल्या शाळेत ही कृती घेऊन बघा आणि लेकरांनी काय काय प्रश्न विचारले ते नक्की कळवा.